चौकातलं मेण

मेण खरवडण्यात चंद्रभागाबाईचा हात धरणारं सुरतेच्या लिंबायतीत कोणी नव्हतं. बुद्ध पौर्णिमा झाली, चौदा एप्रिल झाला, सहा डिसेंबर झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी उलथनं आणि सिमेंटची रिकामी गोणी घेऊन बाई विहारात हजर. पायऱ्यांवर, कठड्यावर, लोखंडी जाळीवर शेकडो मेणबत्त्या वितळून थिजलेल्या असायच्या. बाकीच्या बायका गरम पाणी ओतायच्या आणि पसारा दुप्पट करून ठेवायच्या. ही उलथनं आडवं धरून असं काही सरकवायची, की पापुद्रा अख्खा निघे आणि फरशीला ओरखडा नसे.

घरी आणलं की ते मेण पाण्याच्या पातेल्यात ठेवलेल्या डब्यात वितळवायचं, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायचं आणि लूमवर सूत गुंडाळायच्या प्लास्टिकच्या नळ्यांमध्ये ओतायचं. वातीचं सूत मात्र ती गावाहून मागवी. सुरतेत जिकडे बघावं तिकडे पॉलिस्टरचा कारभार, आणि पॉलिस्टरची वात काही केल्या जळत नाही, नुसती गळते. वीस वर्षं विहारातली मेणबत्ती अशी विहारातच परत जात होती. याला कोणी काही मोठं नाव दिलेलं नव्हतं. आपलं वाया जाऊ द्यायचं नाही, एवढंच.

यंदा होळीच्या सुमारास मात्र तिला भलत्याच जागेवरचं मेण खरवडावं लागलं.

तिचा एकुलता एक पोरगा प्रदीप. वय अठ्ठावीस, लग्न होऊन चार वर्षं. सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत, कापड रंगवायच्या एका डाइंग मिलमध्ये कामाला होता. मिलच्या सांडपाण्याच्या टाकीत साफसफाईला एक माणूस उतरला, तो वर येईना, म्हणून प्रदीप उतरला. मग दोघंही वर आले नाहीत. त्याच्याकडे दोर नव्हता, तोंडाला साधा रुमाल नव्हता. हाक आली आणि हा उतरला, असलं येडं पोरगं!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्तीनं कँडल मार्च काढला. हजारभर माणूस हातात मेणबत्ती घेऊन चौकापर्यंत चालत गेलं. भाषणं झाली, दोन मिनिटं शांतता झाली, आणि जो तो आपली मेणबत्ती चौकाच्या ओट्यावर आणि डांबरावर चिकटवून घरी गेला. चंद्रभागाबाईला त्या दिवशी धड उभंही राहवत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता तिला जाग आली आणि पहिला विचार हाच आला, की आता झाडूवाल्या येतील आणि सगळं गटारात लोटतील.

ती उलथनं आणि गोणी घेऊन पळतच गेली. झाडूवाली इंदुबाई चौकात पोचलेली होती. चंद्रभागाबाईला तिथं रस्त्यावर फतकल मारून बसलेलं बघितलं आणि तिनं खराटा खाली ठेवला.

"हाई मना पोरनं शे," चंद्रभागाबाई म्हणाली.

"लई जाय, माय," इंदुबाई म्हणाली आणि स्वतःही खाली बसून नखांनी मेण उकरू लागली. मेणाला डांबराची खडी चिकटलेली, तंबाखूच्या पुड्या, कुणाच्या चपलेचा ठसा. रिक्षावाले हॉर्न वाजवत बाजूनं जात होते. एकानं शिवी हासडली, तर इंदुबाईनं त्याला अशी काही उलटी हासडली की तो गप्प गेला. गोणी काठोकाठ भरली. दोघींनी ती दोन बाजूंनी धरून घरी आणली आणि खाटेखाली सरकवली.

आणि तिथंच ती पडून राहिली. विहाराच्या मेणबत्त्या असतात सगळ्या लोकांच्या, त्यांत आपल्या एकट्याच्या पोराचं मेण कसं मिसळायचं? घरी लावावी म्हटलं तर नवरा आडवा आला. नागनाथ पस्तीस वर्षं पॉवरलूमवर होता. लूमच्या खडखडाटानं त्याचे दोन्ही कान गेले होते, आणि बहिऱ्या माणसाच्या सवयीनं तो घरातल्या घरातही ओरडूनच बोलायचा.

"हाई मना घरमा पेटवानं नही! सांगी ठेवस!"

सगळ्या गल्लीला ऐकू गेलं. चंद्रभागाबाईनं पुन्हा विषय काढला नाही. पण झोपताना तिचा हात खाटेखाली जायचा आणि गोणी जागेवर आहे ना, ते चाचपून यायचा.

*

सून चैताली शिरपूरची. बारावी झालेली, बोलायची शाळेतल्यासारखं मराठी. सासू अहिराणीत विचारणार आणि सून मराठीत उत्तर देणार, असं चार वर्षं चाललेलं होतं आणि दोघींचं कधी अडलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. प्रदीप गेल्यावर लोकांनी धरूनच चाललं होतं, की ही आता महिनाभरात माहेरी जाणार.

ती गेली नाही. श्रावणात तिचा भाऊ विकास आला. भला माणूस, आवाज चढवून बोलणं त्याच्या स्वभावात नाही. चहा पिऊन झाल्यावर खाली बघत म्हणाला, दोंडाईच्याचं एक स्थळ आहे. रेल्वेत नोकरी. बायको वारलेली, एक लहान मुलगी. घर चांगलं आहे.

"मला पुन्हा कोणाच्या चुलीपुढं नवी म्हणून बसायचं नाही," चैताली म्हणाली. "मी इथंच राहीन. काम करीन."

"कोन्तं काम? साडीले टिकल्या चिकाडशी?" विकासनं विचारलं.

तेव्हा चैतालीनं सांगितलं. सुरतेच्या उच्चभ्रू वेसू भागात शीतलबेन म्हणून एक बाई आहेत, त्यांचं मेणबत्त्यांचं दुकान आहे. सखी मंडळात, आपल्या बचत गटात, शिकवायला आल्या होत्या. सोयाबीनच्या मेणाच्या मेणबत्त्या, रिकाम्या करवंटीत ओतायच्या. सुती वात, गवती चहाचं तेल. धूर नाही, काजळी नाही. दिवाळीसाठी तीनशे नगांचं काम द्यायला तयार आहेत, आणि ते पसंत पडलं तर बाराही महिने काम.

विकास म्हणाला, "ठीक शे. दिवायीलोंग थांबस मी. तुनं काम जमनं तं ऱ्हाय. नही जमनं तं मंग माले बोल लावानं नही."

चंद्रभागाबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण तिचे हात थांबले होते. ही पोरगी गेली तर या खोलीत राहायचं काय? एक बहिरा म्हातारा, एक फोटो आणि आपण. तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आपल्याला ही पोरगी हवी आहे, आपल्या पोराची बायको म्हणून नाही, तर नुसती ती हवी आहे. हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

*

शीतलबेननं सोयाबीनच्या मेणाच्या तीन थैल्या पाठवल्या. पांढरेशुभ्र पापुद्रे, हाताला साबणासारखे बुळबुळीत. एका थैलीत शंभर करवंट्या, असा हिशेब. चैतालीला बजावून सांगितलं होतं, की बाहेरचं काही म्हणजे काही मिसळायचं नाही.

करवंट्या चैताली शीतलबेनच्या पैशानं मंदिराबाहेरच्या नारळाच्या दुकानांतून गोळा करून आणी. नागनाथनं आपणहून घासकागद हातात घेतला. दाराशी बसून तो करवंटीवरचे केस घासून काढायचा, बूड दगडावर घासून सपाट करायचा. भुकटी उडून त्याच्या भुवया तपकिरी व्हायच्या. प्रदीप गेल्यापासून म्हातारा असा हात हलवताना कोणी बघितला नव्हता.

"आनि हाई इको इको काय करस वं तू?" तो एकदा ओरडला.

चैतालीनं त्याच्या कानाशी तोंड नेलं. "मामा, इको म्हणजे निसर्गाला त्रास नाही होत, असं!"

"निसर्गले तरास नही!" म्हातारा करवंटी घासत राहिला. "मंग मानूसले तरास दिधा तं चालस का?"

चैतालीनं पुढची करवंटी त्याच्या हातात दिली.

मेण वितळवायचं काम चंद्रभागाबाईचं. त्यात ती कुणाला हात लावू देईना. तिला थर्मामीटर दिला होता, तो तिनं खुंटीला टांगून ठेवला. डब्याच्या काठाला बोट लावून ती सांगायची, आता ओत. चैताली वाती मधोमध धरून बसायची, वरून आडव्या काड्या लावायची. पंखा बंद ठेवावा लागे, नाहीतर वरचा थर तडकतो. ऑक्टोबरचा उकाडा, पत्र्याखालची खोली. दोघींच्या पाठी घामानं भिजून जायच्या. खोलीभर गवती चहाचा वास. चंद्रभागाबाईला तो आवडला. सर्दीवर काढा केल्यासारखं वाटतं, म्हणाली.

पहिल्या दिवशी चाळीस झाल्या. करवंटीत पांढरं मेण असं छान बसलं होतं की बघत राहावं. चैतालीनं एक हातात घेऊन फिरवून बघितली. "आत्याबाई, या कुठं जाणार माहितेय? मोठ्या मोठ्या घरात. एसीत. काचेच्या टेबलावर."

ती सहज बोलून गेली. पण प्रदीप उन्हाळ्यात मिलमधून यायचा, अंगाला त्या रंगाचा आणि वाफेचा वास, बनियन काढून उघडा फरशीवर पडायचा आणि म्हणायचा, "माय, एक दिन एसीमा झोपसु मी. दख तू." आणि मग स्वतःच हसायचा.

दुसऱ्या दिवशी चैताली करवंट्या आणायला गेल्यावर चंद्रभागाबाईनं खाटेखालची गोणी ओढली. मेण वेगळ्या डब्यात वितळवलं. एकदा गाळलं, दोनदा गाळलं, तिसऱ्यांदा चौपदरी फडक्यातून गाळलं. खडी खाली राहिली, तंबाखू खाली राहिली. वर पांढरंच निघालं. सोयाबीनच्या डब्यात तिनं ते ओतलं, तर कुठं सोयाबीन आणि कुठं चौकातलं, काही कळेना.

घाबरलीच होती ती. बाहेरचं मिसळायचं नाही, हे तिला माहीत होतं. पण तिच्या मनाला ते बाहेरचं वाटेचना. बाहेरचं म्हणजे माती, पाणी, रंग. हे तर मेणच, मेणात मेण गेलं, चोरी नाही की लबाडी नाही. आपल्या घरी म्हातारा लावू देत नाही, विहारात लावता येत नाही, गटारात टाकवत नाही. जाऊ दे लोकांच्या चांगल्या घरात. जळू दे स्वच्छ करवंटीत, वासात, गार हवेत. डबा हलवताना ती पुटपुटली, "जाय भाऊ, जाय एसीमा." खान्देशात आई पोराला लाडानं भाऊच म्हणते.

मग रोज. सून बाहेर गेली की थोडं. गोणी दिवसादिवसाला रिकामी होत गेली आणि तिचं काळीज हलकं होत गेलं. नागनाथसुद्धा एकदा म्हणाला की तू आजकाल जेवतेस बरी.

*

अकराव्या दिवशी तीनशे पुऱ्या झाल्या. खोक्यात भरल्या, कागदी पट्ट्या चिकटवल्या. कोपऱ्यात सोयाबीनच्या मेणाची एक थैली तशीच शिवलेली राहिली होती.

"हाई त्या बाईनी थैली लई चाल," चंद्रभागाबाई म्हणाली.

"राहू द्या ना, आत्याबाई. नंतर देऊ."

"राहू कशी द्यानी? दुसऱ्यानं शे ते."

"पुढच्या वेळी कामाला येईल."

"पुढे त्या पुढलं देतीन! मी कोनी वस्तू घरमा ठेवस का? तूच सांग." तिला सुनेचं नवल वाटलं. एवढी शिकलेली पोरगी, आणि लोकांची वस्तू ठेवून घ्यायला सांगते! तिनं थैली स्वतःच्या डोक्यावर घेतली. टेम्पोत खोकी चढली, दोघी मागं बसल्या. चैताली वाटभर त्या थैलीकडं बघत होती.

दुकान थंडगार होतं. पांढऱ्या भिंती, सगळीकडे काच. चंद्रभागाबाईनं चपला बाहेर काढल्या, तर पहारेकरी म्हणाला असू द्या असू द्या, तरी तिनं काढल्याच. शीतलबेन चाळिशीची, बोलायला गोड. तिनं पाणी मागवलं. दोन-तीन खोकी उघडून मेणबत्त्या बघितल्या आणि "वाह!" म्हणाली. चंद्रभागाबाईला वाटलं, झालं, राहिली पोरगी.

मग ती पुढं झाली आणि डोक्यावरची थैली काचेच्या टेबलावर अलगद ठेवली. "हाई तुमनं उरनं, बेन," ती म्हणाली. तोंडावर सगळा प्रामाणिकपणा.

शीतलबेननं थैलीकडं बघितलं. शिवण बघितली. "चैताली, मैंने तीन बॅग दी थी ना? तीन सौ पीस बने. तो फिर ये पूरी बॅग कैसे बची?"

चैताली खोक्याची कागदी पट्टी नखानं दाबत राहिली.

"मीण वध्युं केवी रीते?" ती आता स्वतःशीच गुजरातीत बोलली, मेण उरलं कसं म्हणून. तिनं एका खोक्यातली मेणबत्ती काढून पेटवली. सगळे उभे. ज्योत चांगली धरली. बाईनं मागच्या खोलीतून पांढरी बशी आणली आणि ज्योतीवर थोडा वेळ आडवी धरली. बशी उलटी केली तर मधोमध काळा डाग. दुसरी मेणबत्ती दुसऱ्या खोक्यातली, तिसरी तिसऱ्या. तिन्ही बशांना डाग.

"पॅराफिन है इसमें. मार्केट का सस्ता वाला. मैं लोगों को लिखके देती हूँ, सौ टका नॅचरल. किसी के घर में दमे का पेशंट हो तो?" तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचंच चंद्रभागाबाईला भय वाटलं. "किसने मिलाया?"

चंद्रभागाबाईचं तोंड उघडलं. मी म्हणायचं होतं, एवढंच. दुकानातल्या दोन पोरी बघत होत्या, पहारेकरी काचेतून बघत होता, आणि आपण अनवाणी. काय सांगायचं? चौकातलं? डांबरावरचं? हिंदीत कसं सांगायचं ते?

"मैंने," चैताली म्हणाली. "मेरी गलती है, मॅडम. कम पडेगा ऐसा लगा."

"कम पडेगा? और बॅग वापस लाई?" शीतलबेननं तिच्याकडं नीट बघितलं, मग सासूकडं बघितलं आणि पुन्हा तिच्याकडं. तिला काय कळलं काय नाही, कोण जाणे. ती खुर्चीत बसली. "ये सब वापस ले जाओ. करवंटी खाली करके, साफ करके भेज दो, वो मुझे चाहिए. काम दूसरे मंडल को दूँगी. सॉरी, बेटा."

परतीच्या टेम्पोत चंद्रभागाबाई खोक्याला टेकून बसली होती. मी होते, आत्ता सांगते, उधना आलं की सांगते. उधना मागं पडलं. गल्ली आली. चैतालीनं खोकी उतरवली आणि भाकरी थापायला बसली. चंद्रभागाबाईनं त्या दिवशी सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी तर चैताली तिच्या केसांना तेल लावून देत होती, आणि तरी हिच्या तोंडून शब्द फुटेना. स्वतःची इतकी घाण तिला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

*

चौथ्या दिवशी सकाळी विकास आला. काम गेल्याचं चैतालीनं फोनवर कळवलं तेव्हाच त्यानं दोंडाईच्याला शब्द देऊन टाकला होता. दुपारच्या गाडीनं निघायचं ठरलं. तो नागनाथशेजारी खाटेवर बसला. दोघं दाराबाहेर बघत बसले.

चैतालीनं कपडे भरले. मग खोली झाडायला घ्यावी तशी ती पदर खोचून खोक्यांजवळ बसली. "करवंट्या खाली करायच्या राहिल्यात. टेम्पोवाला दोन वाजता येईल. चला, आत्याबाई, दोघी मिळून होईल."

दोनशे कालच उरकल्या होत्या. शंभर बाकी. मधे मोठी परात, कालच्या मेणानं निम्मीअधिक भरलेली. चमचा कडेनं घालायचा, फिरवायचा, मेणाचा गोळा उपटून परातीत टाकायचा, मग करवंटी गरम पाण्याच्या फडक्यानं पुसायची. मेण मऊ, पण करवंटीच्या खाचांत बसलेलं. चंद्रभागाबाईच्या अंगठ्याचं कातडं कालपासून सोललेलं होतं. वाती वेगळ्या काढून ठेवल्या जात होत्या. परातीत ढीग चढत होता.

साठ-सत्तर झाल्या असतील. चंद्रभागाबाईच्या हातातला चमचा थांबला.

"मी टाकं व्हतं ते," ती म्हणाली. "भाऊनं मेण. चौकनं."

चैतालीचा हात थांबला नाही. "माहीत आहे."

"काय म्हाईत शे तुले?"

"ओतायला घेतल्याच्या चौथ्या दिवशीच कळलं. शंभर करवंट्या भरल्या तरी पहिली थैली संपेना. खाटेखाली बघितलं, तर गोणी अर्धी."

"मंग बोलनी का नही वं? मना हात का नही धरा?"

चैतालीनं करवंटी पुसली, बाजूला ठेवली, दुसरी घेतली. "काय बोलू? तुम्ही डब्यावर वाकून बसायच्या. ओठ हलायचे तुमचे. दारातून बघायची मी. सात महिने तुम्ही पाण्याचा घोटसुद्धा सुखानं घेतला नव्हता. त्या दिवशी तुमचा चेहरा असा शांत होता की मी तशीच मागं फिरले आणि गल्लीच्या टोकाला जाऊन उभी राहिले."

"तुले थांबानं व्हतं ना आठे! तुनं वाटोयं करं मी. मी तुनं वाटोयं करं, माय!"

"आणि एक दिवस तुम्ही विहारात गेला होता ना, बुधवारी," चैतालीनं चमचा परातीत ठेवला, "तेव्हा मीच टाकलं. माझ्या हातानं. दोन ओंजळी. मलाही वाटलं, जाऊ दे त्याला कुठंतरी चांगल्या ठिकाणी. मला कळत होतं काय होईल ते. तरी टाकलं. मग काय बोलू मी?"

चंद्रभागाबाईनं तोंडात पदर कोंबला. चार वर्षं एका खोलीत राहून, एका ताटलीतून खाऊन, सात महिने एकाच माणसासाठी दोघी वेगवेगळ्या रडत होत्या. एकदा, एकदा जरी बोललो असतो! तिला उठून शीतलबेनकडं जावंसं वाटलं. "थांब. मी जास तठे. पाय धरस तिना."

"मी काल फोन केला होता. काम गेलं दुसऱ्या मंडळाकडं. कालच गेलं." चैतालीनं डोळे दंडाला पुसले. "आणि दादानं शब्द दिलाय. त्यानं खोटं पडायचं का आता? उचला चमचा. तीस राहिल्यात."

त्यांनी चमचे उचलले. तीसच्या तीस पुऱ्या केल्या. नागनाथ खाटेवरून हे सगळं बघत होता. त्याला ऐकू काही आलं नव्हतं, पण दोघींचे चेहरे त्याला दिसत होते. तो उठला, पुसलेल्या करवंट्या एकात एक घालून त्यानं खोक्यात रचल्या आणि खोकी दाराशी नेऊन ठेवली.

टेम्पोवाला करवंट्या घेऊन गेला. रिक्षा आली. विकासनं कपड्यांची बॅग बाहेर नेली.

चैताली परातीपुढं बसली. परात मेणानं शिगोशीग भरलेली. तिनं माहेरहून आणलेली उशीची जुनी खोळ काढली, तिचं तोंड उघडून मांडीवर धरलं आणि सासूकडं बघितलं. काही मागितलं नाही.

चंद्रभागाबाईला कळलं. तिनं परातीत दोन्ही हात घातले. एक ओंजळ खोळीत, एक ओंजळ गोणीत. एक इकडं, एक तिकडं. खळ्यावर भावाभावात ज्वारी वाटतात तशी ती वाटत गेली, आणि शेवटची ओंजळ उरली ती तिनं खोळीतच टाकली. चैतालीनं खोळीचं तोंड नाडीनं घट्ट बांधलं. मग ती सासूच्या पाया पडायला वाकली, तर चंद्रभागाबाईनं तिला मधेच धरलं. दोघींचे हात मेणानं माखलेले. दोघींना एकमेकींचा हात सोडवेना.

विकास दारात आला. "चाल बहीन, गाडी चुकी." त्यानं खोळ बघितली, हातानं दाबून बघितली. "हाई काय शे? मेण? चैताली, नवा घरमा हाऊ कचरा कसाले वं?"

"हाऊ कचरा नही, दादा," ती म्हणाली. "मना वाटा शे."

विकास तिच्याकडं बघत राहिला. नंतर त्यानं फोटोकडं बघितलं आणि मान खाली घातली. खोळ त्यानं स्वतःच उचलली, आणि रिक्षात बसल्यावर पायाशी न ठेवता मांडीवर घेतली.